टीव्हीवरची सुगंधा

सावळीराम गांगुर्डे एकेकाळी बाई झाला होता, हे सातपूरच्या कामगार वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आता साठी उलटून गेलेला माणूस. मिशा झुपकेदार, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी खाकरला तरी मागच्या लाइनीतली कुत्री उठून बसतात. पण ऐन पंचविशीत तो कंपनीत असताना तिथल्या कामगारांनी ‘बोळवण’ नावाचं जुनं गाजलेलं नाटक स्पर्धेसाठी बसवलं आणि त्यातल्या सुगंधाचं काम करायला बाई मिळेना. लेथवर काम करणाऱ्यांच्या घरच्या बाया स्टेजवर? नुसतं नाव काढलं तरी घरोघरी भांडी आपटायची. शेवटी नाटक बसवणाऱ्या दत्तू फोरमननं सगळ्यांवरून नजर फिरवली, सावळीरामवर आणून थांबवली आणि म्हणाला, “मिशी काढ.” त्यानं काढली.

नाटक साधं होतं. सुगंधा नवऱ्याचा मार खाऊन माहेरी येते. भाऊ चांगला, भावजय चांगली, शेजारीपाजारी तर त्याहून चांगले. आणि ही सगळी चांगली माणसं मिळून तिला पुन्हा मार खायला पाठवायची तयारी करतात. नवी साडी घेतात, ओटीत नारळ घालतात. शेवटच्या अंकात सुगंधा तो नारळ भावाच्या हातात ठेवते आणि म्हणते, “दादा, घरात जागा नसेल तर जागा नाही म्हण. मला मरायला धाडतोस आणि वर त्याला बोळवण म्हणतोस, हे नको.” मग ती विंगेत जात नाही. स्टेजच्या पायऱ्या उतरते, प्रेक्षकांच्या मधून चालत जाते आणि थेटराच्या मोठ्या दारातून बाहेर पडते. सावळीराम तसा उतरला तेव्हा लोकांनी गुडघे आवरून वाट दिली होती. मधल्या रांगेतल्या एका म्हातारीनं त्याचा पदर ओढून कानात सांगितलं होतं, “जा गं बाई, मागं नको बघू.” स्पर्धेत नंबर काही आला नाही. पण म्हातारीचं ते वाक्य सावळीराम जन्मभर मेडलसारखं छातीवर लावून फिरला. कुणाच्या घरी बारसं असो की पुण्यानुमोदन, चहा आला की सुगंधा निघायचीच.

म्हणून त्याच्याच घरात ते व्हावं, ही गोष्ट जास्त झोंबणारी.

धाकटी लेक चैताली. देवळाली कॅम्पात दिलेली. जावई राज, बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, तोंडानं गोड. दिवाळीनंतर एका सकाळी चैताली डोळ्याखाली काळंनिळं घेऊन बसमधून उतरली. आईला म्हणाली, मोरीत पाय घसरला. बापाला काहीच म्हणाली नाही. तेव्हापासून ती इथंच होती आणि आता सासरचे बैठकीला येणार होते. राज, त्याची आई आणि त्याचा मामा गोटीराम. हा मामा लासलगावच्या मार्केटात कांद्याचा अडत्या. लिलावात ढीग तोडावा तशी नातेवाइकांची भांडणं तोडण्यात त्याची ख्याती.

“पाठवायचंच आहे तर गोडीनं पाठवू,” विमलाबाई म्हणाली. सावळीरामची बायको म्हणजे सरळ मनाची, पण गल्लीतल्या चार तोंडांना भिणारी. तिनं लेकीची बॅग भरूनही ठेवली होती.

“कोण म्हणतं पाठवायचंय?”

“मग काय पोरीला लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवता?”

सावळीराम मिशीत हसला. त्याच्या डोक्यात डाव शिजला होता. एका वाहिनीवर महिनाभर जाहिरात चालू होती की जुनी अजरामर नाटकं आता घरच्या पडद्यावर, नव्या रूपात. आणि येत्या रविवारी दुपारी ‘बोळवण’. जाहिरात दिसली त्या दिवसापासून हा सगळ्या वसाहतीला सांगत सुटला होता की आपलं नाटक लागतंय, बघा. बैठक त्यानं मुद्दाम त्याच वेळेला ठेवली. साप मारायचा आणि काठी टीव्हीची वापरायची. आधी या लोकांना नाटक दाखवायचं. शेवटचा अंक बघितल्यावर चैतालीला चल म्हणायची कुणाची जीभ उचलते, ते बघूच.

“बैठकीत पोरीचा निकाल लावायचाय की खेळ दाखवायचाय?” विमलाबाईनं विचारलं.

“तुला नाय कळणार. नाटकात ताकद असते.”

चैताली दारात उभी राहून हे ऐकत होती.

रविवारी पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे झाले. गोटीराम गादीवर मांडी घालून बसला आणि विषयाला हात घालणार इतक्यात सावळीरामनं रिमोट उचलला.

“पाव्हणं, घाई नाय. आधी हे बघा, मग बोला. मी स्वतः यात काम केलेलं हाय.”

“बाईचं ना?” गोटीराम हसला. “ऐकून हाय आम्ही. लावा, लावा.”

नाटक लागलं आणि सावळीरामच्या कपाळावर पहिली आठी पडली.

मूळ नाटकात सुगंधाचं माहेर म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह आणि एक दार. इथं हॉलमध्ये झुंबर आणि एवढी जागा की ट्रॅक्टर वळवून घ्यावा. झोपेतून उठलेली सुगंधा कानात झुमके, ओठांना लाली, केस जाहिरातीतल्यासारखे मोकळे. तिच्या भावजयीला तर त्यांनी चेटकीण करून टाकली होती. ती प्रत्येक वाक्याला एक भुवई वर नेत होती आणि मागं कुणीतरी पत्र्यावर काठी मारल्यागत ढँण ढँण वाजवत होतं.

सावळीरामचं डोकं तापायला लागलं. अरे, या नाटकात वाईट कुणी नव्हतंच! म्हणून तर ते अंगावर यायचं. बघणारा घामाघूम व्हायचा, कारण समोरचा भाऊ म्हणजे तोच असायचा. आता एकदा भुवईवाली दुष्ट बाई दिली की बाकी सगळे मोकळे. बसा आरामात, खा पोहे.

मग थप्पड आली. ती त्यांनी तीन बाजूंनी तीनदा दाखवली. सुगंधा सावकाश, हवेतून तरंगत पडली. झुमका डोलला, लाली जागच्या जागी. लगेच गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात.

“शॉट भारी घेतलाय,” राज म्हणाला.

सावळीरामनं जावयाकडे बघितलं. बायकोला मारणारा माणूस बायकोला मारल्याचं बघत होता आणि त्याला कॅमेरा आवडला होता. पण सावळीरामचा सगळा भरवसा शेवटच्या अंकावर. तो येऊ दे, मग बघतो एकेकाला.

शेवटचा अंक आलाच नाही. त्याच्या जागी दवाखाना आला. सुगंधाच्या नवऱ्याला अपघात झालेला, डोक्याला पट्टी, त्या पट्टीवर बेताचा लाल डाग. सासू हात जोडून दारात. सुगंधानं तो नारळ कपाळाला लावला, डोळे पुसले आणि निघाली सासरी. मागून एक जाड आवाज म्हणाला, “घर बाईमुळंच तुटतं आणि बाईमुळंच जुळतं.” रांगोळी, समई, समाप्त. खाली मसाल्याच्या कंपनीचं नाव.

सडक्या कांद्याचं पोतं भर खोलीत कुणी उलटं करावं, तसं सावळीरामला झालं. आणि बाकी सगळे ते अत्तरासारखं हुंगत होते. विहीणबाई पदरानं डोळे टिपत होती. गोटीराम नाक ओढत होता. घरची विमलाबाईसुद्धा हुंदके देत होती.

“वा, भाऊ, वा!” गोटीराम म्हणाला. “लय भारी नाटक दाखवलंत. आम्हाला बोलायचं कामच नाय ठेवलं. तुमच्याच नाटकानं निकाल दिला. चला, पोरीला तयार करा.”

“हे ते नाटक नाही!” सावळीराम कडाडला. “हे मढं आहे त्याचं, पावडर फासलेलं! यांनी शेवट कापून विकून खाल्ला, हरामखोरांनी. सुगंधा परत जात नाही. कधीच गेली नाही!”

“आत्ता तर गेली,” विहीणबाई म्हणाली. “सगळ्यांनी बघितली.”

“पप्पा, टीव्हीवाले काय वेडे आहेत का?” राज समजावणीच्या सुरात म्हणाला. “कोटी कोटी लावतात ते लोक.”

“कोटी लावून शेण केलं तर ते शेणच!”

“अहो, हळू,” विमलाबाई म्हणाली.

पण सावळीराम आता हळू होणारा नव्हता. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, डाव्या हातात नसलेला नारळ धरला आणि सुगंधाचं शेवटचं भाषण सुरू केलं. नुसतं नाही, सुगंधाच्या आवाजात. “दादा, घरात जागा नसेल तर...” तो आवाज पंचविशीत कसा असेल कोण जाणे. आता तो मिशांखालून आला तो पिपाणी फुटल्यागत. विहीणबाईनं पदर तोंडात कोंबला. गोटीरामचं पोट हलायला लागलं. राज तर उघडच हसला आणि त्यानं मोबाईल वर धरला.

“पप्पा, परत घ्या ना! रील टाकतो, व्हायरल जाईल.”

सावळीरामचा हात तसाच हवेत राहिला. पुढचं वाक्य त्याला आठवेना. इतक्या बारशांत पाठ म्हटलेलं, आणि ऐनवेळी कोरं. चैताली चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फक्त ती हसत नव्हती.

“राजा, ठेव तो मोबाईल. उशीर होतोय,” गोटीराम डोळे पुसत म्हणाला.

राज उठला. बॅग दाराशी होती, ती त्यानं उचलली. “चल गं,” तो म्हणाला, “तुझ्या बापाचं झालं असेल तर,” आणि तिचा दंड धरायला दुसरा हात पुढे केला.

धरलाही नव्हता. नुसता हात वर आला आणि चैतालीच्या हातातला ट्रे खाली आपटला. तिचं कोपर चेहऱ्यासमोर आलं, मान खांद्यात गेली, डोळे गच्च मिटले. तिला स्वतःला कळायच्या आत.

चहा फरशीवरून गादीकडे वाहत गेला. कुणी हललं नाही.

सावळीरामला सुगंधा करताना हे कधी जमलं नव्हतं. जमलं नव्हतं काय, असं काही असतं हेच त्याला माहीत नव्हतं. तो थप्पड बसल्यावर किंचाळायचा आणि लोक टाळ्या द्यायचे. थप्पड बसायच्या आधी बाईच्या अंगाचं काय होतं, ते त्याच्या नाटकात नव्हतं आणि त्या झुंबरवाल्यांच्याही नाही. टीव्हीची जेवढी किळस आली होती, तेवढीच त्याला आता आपल्या मिरवण्याची आली. पोर इतके दिवस घरात होती आणि हा गल्लीला सुगंधा सांगत हिंडत होता.

सगळ्यांत आधी विमलाबाई हलली. सांडलेल्या चहातूनच चालत लेकीपाशी गेली.

“मोरीत पाय घसरला म्हणाली होतीस.”

“हो.”

“आणि मी मानलं.” तिनं पदर खोचला आणि राजकडे वळली. “जावईबापू, बॅग खाली ठेवा. माझ्या पोरीचे कपडे आहेत त्यात.”

“मम्मी, तुम्ही उगाच...”

“खाली ठेवा म्हटलं ना.”

राजनं मामाकडे बघितलं. मामानं घसा साफ केला. “ताई, नवराबायकोत एवढं तेवढं व्हायचंच. पोरगं तापट हाय, पण मनानं चांगलं. आज पोरगी ठेवून घेतली तर उद्या समाज काय म्हणंल?”

आता मात्र सावळीरामला त्याचा स्वतःचा आवाज सापडला. मोठा नव्हता.

“समाज आत्ता माझ्या गादीवर बसून रडत होता, पाव्हणं. खोट्या बाईसाठी. खरी बाई ट्रे घेऊन तुमच्या पुढ्यात उभी होती, तिच्याकडे एकानं मान वर करून बघितलं नाही. मीपण नाही बघितलं. उठा.”

“भाऊ, असं घरी बोलावून...”

“उठा म्हणतोय. चांगल्या शब्दांत एवढंच येतं मला.”

गोटीराम उठला. विहीणबाई जाता जाता गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली की असल्या नाटकी घराशी सोयरीक केली हेच चुकलं. समोरच्या दारांतून दोन-तीन डोकी बाहेर आली. एरवी विमलाबाई तेवढ्यानंच मेली असती. आज ती गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती आणि दार तिनं उघडंच ठेवलं होतं. बघू दे.

बाहेर राजची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग लांब गेला. टीव्हीवर कुणी बाई कुकरची शिट्टी ऐकून खुदुखुदु हसत होती. सावळीरामनं रिमोट शोधला, सापडेना, तेव्हा मागं जाऊन वायरच उपटली.

“थू,” तो म्हणाला. “चांगलं नाटक नासवलं. हे नसतं लावलं तर एवढं झालंच नसतं.”

“अण्णा,” चैताली म्हणाली. ती कपाच्या काचा वेचत होती, मान खाली. “टीव्हीवर काहीही लागलं असतं तरी मी जाणार नव्हते. उद्या वकीलबाईंना भेटायचं ठरवलंय मी. मागच्या आठवड्यातच बोलणं झालंय.”

सावळीराम वायर हातात घेऊनच वळला. “मग आधी सांगितलं का नाहीस?”

“विचारलंत कधी? आई बॅग भरत होती आणि तुम्ही नाटकाची वेळ बघत होतात.”

सावळीराम वायर टाकून खाली बसला आणि तिच्याबरोबर काचा वेचायला लागला.

काचा संपत आल्यावर म्हणाला, “उद्या मी आलो तर चालेल?”

चैतालीनं विचार केला. खरंच केला, लगेच हो म्हणाली नाही.

“या,” ती म्हणाली. “पण तिथं मी बोलणार.”