मरून गाडीचा फोटो

आईने मोबाइल माझ्यापुढे धरला. "कसा वाटतो?"

"चाकं लहान आहेत," मी म्हणाले.

"अगं, मुलगा बघ!"

फोटोत मरून रंगाच्या, जुन्या धाटणीच्या उघड्या गाडीला टेकून एक मुलगा उभा होता. स्थळ खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आणलं होतं. काका राखोलीच्या ज्या कारखान्यात आहेत, तिथेच तो शिफ्ट इनचार्ज. घरचे वापीला. काकू आईला म्हणाल्या होत्या, "घरात विंटेज गाडी आहे हां ताई. तुमच्या पोरीला गाड्यांचं येड, तिला अजून काय पायजे?" रविवारी ती मंडळी येणार होती आणि संध्याकाळपर्यंत आम्ही होकार-नकार कळवायचा होता. बाबांची सरकारी नोकरी संपत आली आहे. मग डोकमर्डीचं हे घर सोडून कोकणात जायचं. त्याआधी माझं ठरावं, असं त्यांना वाटतं. ते तसं बोलत नाहीत. किराणावाल्याकडून रिकामी खोकी आणून माळ्यावर रचत राहतात.

माझं वेड म्हणजे फोटोतल्या अनोळखी गाड्या ओळखणं. इंटरनेटवर आमचा एक ग्रुप आहे. कुणी जुन्या अल्बममधला फोटो टाकतं, त्यात माणसांच्या मागे अर्धं बॉनेट असतं. कुणी गवतात रुतलेला सांगाडा टाकतं. मी तिथेही फारशी बोलत नाही. पण एकदा सगळे ज्याला जीपचा तुकडा म्हणत होते, त्याची फाटलेली कड गंजलेली नव्हती, तंतू सुटलेली होती. म्हणजे पत्रा नव्हे, फायबर. ती 'बादल' निघाली, आपल्याकडे फार थोड्या बनलेली तीन चाकांची गाडी. ग्रुपचा नियम एकच आहे: एका फोटोवरून ठाम बोलायचं नाही. शंका असेल तर दुसऱ्या बाजूचा फोटो मागायचा.

त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष लागेना. ऑफिसात दोन ओळी टाइप करायची, उठून पाणी प्यायची, परत फोटो मोठा करून बघायची. दाराचं हँडल काळ्या प्लास्टिकचं, ओम्नी व्हॅनचं. इंडिकेटर मोटरसायकलचे. चाकांच्या तारा नुसत्या झाकणावर उठवलेल्या. गाडी विंटेज नव्हतीच. ओम्नीच्या सांगाड्यावर नवी बॉडी चढवून वरातीसाठी भाड्याने देतात, त्यातली होती. सांगावं का? कुणाला? आईला सांगितलं तर ती काकूंना सांगणार आणि काकू सगळ्या जिन्याला. आणि सांगून काय, मला तो नको होता की नुसती गाडी नको होती?

रविवारी ते आले. पोहे झाले. काकू म्हणाल्या, "जा बेटा, गॅलरीत बोला जरा. आम्ही नाय ऐकत." आणि खुर्ची गॅलरीच्या दाराकडे सरकवून बसल्या.

खाली पार्किंगमध्ये एक पांढरी व्हॅन मागेपुढे होत होती. मी तिच्याकडे बघत एकदाचं विचारलं, "ती फोटोतली गाडी तुमची आहे?"

"कुठली? ती मरून?" तो हसला. "छे हो! मित्राच्या वरातीची. फोटोग्राफर म्हणाला उभे राहा, राहिलो. का?"

"काकू म्हणाल्या, घरची आहे."

"घरी बाबांची स्कूटर आहे. तिला धक्का मारावा लागतो." मग थांबून म्हणाला, "पण भाड्याची आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं, असं वाटतंय."

"दाराचं हँडल ओम्नीचं आहे."

"बापरे. अजून काय दिसलं?"

मी इंडिकेटर सांगितले, चाकं सांगितली. इतकं सलग मी अनोळखी माणसाशी कधी बोलले नव्हते. तो ऐकत होता बहुतेक. मग म्हणाला, "आणि मी? आल्यापासून तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत. मला चष्मा आहे की नाही, सांगा."

मला सांगता येईना. वर बघावं तर तो जिंकणार, न बघावं तरी तोच. तेवढ्यात काकूंनी हाक मारली, "चला, चहा निवतोय!" आणि तो पाठ फिरवून आत गेला. उंच होता, एवढं कळलं.

मंडळी गेल्यावर आई समोर येऊन बसली. "काकू खाली वाट बघतायत. हो की नाही?"

"गाडी त्यांची नाहीये."

"मग? गाडीच्या हँडलवरून नकार देणार आहेस?"

"नकार देत नाहीये." मी उठले, परत बसले. "एका फोटोवरून सांगता येत नाही."

"फोटो? अगं, समोर बसून पोहे खाऊन गेला तो!"

बाबा हातातलं खोकं खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मला परत भेटायचंय. काकू नकोत, पोहे नकोत. बाहेर कुठेतरी, आम्ही दोघंच."

"बाहेर? लोक काय म्हणतील? आणि काकूंना काय सांगू मी?"

"तू नको सांगूस, मी सांगते."

पायात चपला सरकवल्या तेव्हा डावी-उजवी उलट झाली हे माझ्या लक्षात आलं नाही. जिन्यात लक्षात आलं. काकूंच्या दाराशी उभी राहून त्या नीट घातल्या. बेल वाजवायचा धीर होईना आणि परत वरही जाववेना. आत काकू कुणाला तरी मोठ्याने सांगत होत्या, "पोरगी लाजाळू आहे हो, ती काय बोलणार!"

मी बेल दाबली.