भावोजींची पाण्याची तोफ

ताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात टाइपरायटरवर होते. ऑफिसच्या नंबरवर ती सहसा फोन करत नसे, आमच्या साहेबांचा तिने उगाचच धसका घेतला होता. "शालू, हे गेले," एवढंच म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, "गाळ्यातच गेले गं. खुर्चीत बसल्या बसल्या. मशीन चालूच होतं, बबनभाऊजींनी येऊन बंद केलं." मी टॅक्सी करून साकीनाक्याला पोचले तेव्हा गाळ्यात इतकी शांतता होती की आपण चुकीच्या ठिकाणी आलो की काय असं वाटलं. त्या गाळ्यात इतक्या वर्षांत मी ओरडल्याशिवाय कधी बोलले नव्हते.

आता महिना उलटून गेलाय. भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुधाताईचे यजमान दत्ताराम, काही नावाजलेले गृहस्थ नव्हते. जहाजांची पोटं धुवायचं यंत्र बनवणाऱ्या माणसावर पुरवणीत कुणी लेख लिहील अशी शक्यता कमीच, म्हणून मीच लिहिते. शिवाय आपण त्यांच्याबद्दल बोलायचं आणि त्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, अशी संधी मला पहिल्यांदाच मिळते आहे… ती नको होती.

भावोजी मालवणकडचे. वडील परळला गिरणीत, घरात पहिला डिप्लोमा झालेला इंजिनियर हा. आम्ही पार्ल्याचे, नोकरदार, हळू आवाजात बोलणारे. ते ताईला बघायला आले तेव्हा पोहे झाल्यावर हात धुवायला म्हणून मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. आले ते बाह्या भिजवून, आणि सगळ्यांसमोर माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या पाइपात हवा अडकलीय. म्हणून धार तुटते." ते गेल्यावर वडील म्हणाले, "हा मुलगी बघायला आला होता की नळ?" ताई आतल्या खोलीतून म्हणाली, "दोन्ही बघितलं त्यांनी." लग्न ठरलं ते तिथेच. पुढच्या रविवारी भावोजी पाना घेऊन हजर, होणाऱ्या सासुरवाडीचा नळ दुरुस्त करायला. धार अशी सुटली की आईची बादली उलटली. यावर ते जे गडगडाटी हसले, त्या हसण्याची आमच्या घराला सवय व्हायला बरीच वर्षं लागली.

नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आपण केलेल्या प्रत्येक गोष्टीचं ते स्वतःच तोंड भरून कौतुक करत, आणि समोरच्यानेही ते करावं म्हणून थांबत. साकीनाक्याच्या गाळ्यात ते पंपांची दुरुस्ती करायचे, घाटकोपरला राहायचे, बरं चाललं होतं. मग गिरण्यांचा संप आला आणि मिटायचं नाव घेईना. त्यांचा धाकटा भाऊ बबन गिरणीत होता. भावोजी त्याला म्हणाले, गाळ्यात ये. पण बबन मानी. भावाच्या जिवावर बसून खायचं नाही म्हणाला आणि गोदीत एका कंत्राटदाराकडे लागला, जहाजांची होल्डं धुवायला.

होल्ड म्हणजे जहाजात माल भरायची जागा. वरून हॅच, म्हणजे तिचं झाकण, उघडून आत वाकून बघितलं तर चार-पाच मजली इमारतीच्या टेरेसवरून खाली बघतोय असं वाटतं. जहाज कोळसा घेऊन आलं आणि जाताना तांदूळ न्यायचा असला तर मधल्या वेळात ती सगळी खोली, तळापासून छतापर्यंत, लख्ख व्हावी लागते. लोखंडी भिंतींना आडव्या-उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्या बेचक्यात कोळशाची भुकटी जाऊन बसते. तपासनीस येतो, बोट फिरवतो, काळं लागलं की जहाज नापास. म्हणून वर चढावं लागतं. शिडीला शिडी बांधायची, एका हाताने धरायचं आणि दुसऱ्या हाताने फडकं मारायचं, तेही ओल्या लोखंडावर. बबन त्या शिडीवरून पडला. वाचला, पण उजवा पाय कायमचा वाकडा झाला.

हॉस्पिटलात भावोजी त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला विचारलं, "शालू, तू जहाजवाल्यांच्या ऑफिसात आहेस. तिथे वर पाणी मारायला काही नसतं?" मी म्हटलं, परदेशी जहाजांवर असतं म्हणे काहीतरी तोफेसारखं, आपल्याकडे माणसं स्वस्त पडतात. मी हे अगदी सहज म्हणून गेले, ऑफिसात सगळे म्हणायचे तसंच. भावोजींनी मान हलवली आणि बसस्टॉपपर्यंत पुन्हा बोलले नाहीत. बोलत नसलेले भावोजी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले, आणि मला भीती वाटली.

त्यानंतर गाळ्यात पंपांची दुरुस्ती मागे पडली. तीन पायांवर उभी अशी एक लांब नळी, तिच्यात पंपाचं पाणी आणि कॉम्प्रेसरची हवा एकत्र सोडायची म्हणजे धार वरपर्यंत न फुटता जाते, आणि बाजूच्या चाकाने नळी हवी तिकडे वळवायची. सांगायला एवढंच. करायला वर्ष गेलं. नळीचं तोंड किती निमुळतं करायचं यावर त्यांनी घरातल्या घरात इतकी भाषणं दिली की ताई म्हणायची, "मला एक वेळ सवत चालली असती, ती निदान गप्प तरी बसली असती."

तोफेची चाचणी घ्यायला तेवढी उंच भिंत हवी. ती होती, त्यांच्याच सोसायटीची, खिडक्या नसलेली मागची बाजू. भावोजींनी काय करावं? टेरेसवर जाऊन कोळशाची भुकटी पाण्यात कालवून मगाने भिंतीवरून खाली ओतली. उन्हात दोन दिवस वाळू दिली. सोसायटीत हाहाकार. सेक्रेटरी, एक निवृत्त मास्तर, तावातावाने खाली आले तेव्हा भावोजी सोसायटीच्या विहिरीत पंपाचा पाइप सोडत होते.

"अहो, ही भिंत कुणाची आहे?"

"सगळ्यांची. म्हणून तर सगळ्यांसाठी धुतोय."

धार सुटली ती थेट पाचव्या मजल्यापर्यंत गेली. तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं, पण ती कठड्यावरून पलीकडे टेरेसवर उतरली, आणि तिथे चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या वर्षाच्या कुरडया वाळत होत्या. काकू खाली आल्या त्या हातात कुरडयांचा लगदा घेऊनच. भावोजींनी हात जोडून माफी मागितली आणि त्याच दमात विचारलं, "पण काकू, वर पाणी जोरात लागत होतं ना?" काकू इतक्या चक्रावल्या की हो म्हणाल्या. भिंत मात्र अशी निघाली की आठवड्याभरात सेक्रेटरींनी हळूच येऊन विचारलं, उरलेल्या बाजूही होतील का. काकूंच्या कुरडया ताईने करून दिल्या, भावोजी चीक हाटायला बसले होते.

पहिलं जहाज मी मिळवून दिलं. साहेबांच्या मागे लागून लागून. कोळशाचं जहाज, तांदूळ भरायचा होता, आणि साहेब म्हणाले, एक होल्ड तुझ्या भावोजींना देऊन बघू. मी पास काढून स्वतः गेले, हॅचच्या कडेला उभी राहिले. तळाशी भावोजी आणि लंगडत लंगडत नळी ओढणारा बबन. पाणी समुद्राचं, जहाजावर धुवायला तेच वापरतात. धार वरच्या पट्ट्यांवर आदळली आणि काळं पाणी भिंतीवरून असं खाली यायला लागलं की कठड्याशी उभे असलेले खलाशी शिट्ट्या मारायला लागले. बाकीची होल्डं ज्याच्याकडे होती त्या कंत्राटदाराचा मुकादम शिड्या घेऊन आला होता, तोही बिडी विझवून बघत राहिला. भावोजींनी मान वर करून मला विचारलं, "काय मेहुणीबाई, झकास ना?" मी हात हलवला. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता.

मग मे महिन्याच्या उन्हात होल्ड वाळलं, आणि भिंती पांढऱ्या पडल्या. मीठ! तपासनिसाने खिशातून मीठ तपासायच्या औषधाची बाटली काढून खालच्या पत्र्यावर एक थेंब टाकला, थेंब दुधासारखा झाला. त्याने नुसतं वर, पांढऱ्या भिंतींकडे बोट दाखवलं, म्हणजे नापास, आणि निघून गेला. सगळ्या चाचण्या घाटकोपरच्या विहिरीवर झाल्या होत्या, विहिरीला कुठलं मीठ? समुद्राच्या पाण्याने धुतल्यावर गोड्या पाण्याने खंगाळावं लागतं, ही गोष्ट भावोजींच्या डोक्यातच आली नव्हती. मालवणात जन्मलेला माणूस, आणि समुद्र खारट असतो हे विसरला. पुढे मी यावरून त्यांना किती छळलं असेल… त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

जहाजावरचं गोडं पाणी जेमतेम खलाशांपुरतं होतं, फार तर चार बादल्या निघाल्या असत्या, तोफेला ते पुरणार नव्हतं. कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, तरुण पंजाबी मुलगा, घड्याळाकडे बघत म्हणाला, "अंकल, मशीन अच्छी है. लेकिन अब दो आदमी ऊपर भेज दो. बाल्टी-कपड़ा ले के पोंछ लेंगे." मुकादमाने माणसांना हाक मारली. शिडी तळावर आडवी पडली होती. ती उचलायला दोघं वाकले, तेव्हा भावोजी जाऊन तिच्यावर बसले. मांडी ठोकून. ताईने दिलेला डबा उघडला आणि बबनला म्हणाले, "बस रे. वर कोण चढूचो नाय."

मुकादमाने विनवलं, मग आवाज चढवला. भावोजी सुकट-भाकरी खात राहिले. तो अधिकारी वरून ओरडला की जहाज लटकलं तर जबाबदारी कोणाची. भावोजींनी वर बघितलं, पण त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. "शालू, गोड्या पाण्याचा बार्ज मागव. खर्च माझ्या नावावर." मी गोदीतल्या फोनवरून साहेबांना फोन लावला, पाण्याचा पडाव पाठवा म्हणून. साहेब म्हणाले, शिडी आहे, माणसं आहेत, मग अडलंय कुठे? मी म्हटलं, "साहेब, माझे भावोजी शिडीवर बसलेत आणि ते उठणार नाहीत. त्यांना मी ओळखते." मग साहेबांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बार्ज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तोवर भावोजी शिडीवरून हलले नाहीत. मुकादमाची माणसंही शेवटी शेजारी येऊन बसली, डब्यातली उरलेली सुकट त्यांनी संपवली, आणि त्यातल्या एकाने बबनला विचारलं म्हणे, तू कुठल्या जहाजावर पडलास. सकाळी गोड्या पाण्याने होल्ड खंगाळलं, तपासनिसाचा थेंब थेंबच राहिला. जहाज एक दिवस उशिरा सुटलं.

त्या कंत्राटदाराने पुन्हा बोलावलं नाही. म्हणाला, तुमच्या मशीनपेक्षा माझी माणसं बरी, वाद घालत नाहीत. बरेच महिने तोफ गाळ्यात कापड टाकून उभी होती आणि ताईच्या बांगड्यांपैकी काही दिसेनाशा झाल्या होत्या. भावोजींची बडबड मात्र तशीच. मग त्याच पंजाबी अधिकाऱ्याने दुसऱ्या जहाजावर गेल्यावर त्यांना हुडकून बोलावलं. मग आणखी एक, मग आणखी… एकीच्या तीन तोफा झाल्या. भावोजी त्या विकत नसत, भाड्याने देत, आणि अट एकच. जिथे तोफ जाईल तिथे शिडी लागता कामा नये, लागलेली दिसली की बबन पाइप गुंडाळून निघून येणार. बबन आता भागीदार होता. लोक याला विक्षिप्तपणा म्हणत. मीही म्हणायचे, त्यांच्या तोंडावर. ते म्हणायचे, "बरोबर आहे तुझं. मी आहेच विक्षिप्त. पण मशीन कसं आहे ते सांग."

गेल्या आठवड्यात ताई म्हणाली, मला एकदा गोदीत ने. इतकी वर्षं ज्या मशीनवर चिडले ते काम करताना कधी बघितलंच नाही. मी पास काढला. कोळशाचंच जहाज होतं. तिला जहाजाच्या गँगवेच्या पायऱ्यांवरून हात धरून वर नेलं, हॅचच्या कडेशी उभं केलं. खाली बबन वाकडा पाय पसरून तोफेचं चाक फिरवत होता, सोबतची माणसं पाइप सांभाळत होती, आणि पाणी छताखालच्या पट्ट्यांवर आदळत होतं. मला वाटलं होतं ती मशीनकडे बघेल. पण ती भिंतींकडे बघत होती. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश, काहीतरी शोधत असल्यासारखी.

"वर कुणीच नाही गं, शालू," ती म्हणाली.

भावोजी गेल्यापासून ती रडली नव्हती. तिथे रडली. पंपाच्या आवाजात खाली बबनला काही ऐकू गेलं नाही, तो धूत राहिला.