हात थांबू न देणारं कार्ड

चिमटाताईंच्या दुकानात कुणी लॅपटॉप घेऊन आलं, की त्या आधी लॅपटॉपकडे बघतच नाहीत. भिंग कपाळावर चढवतात, कागद-पेन्सिल पुढे सरकवतात आणि विचारतात, "घरात बसता कुठे?"

गिऱ्हाईक गांगरतं. आपण नेट नीट चालत नाही म्हणून आलो, आणि ही बाई घराचा नकाशा काढायला सांगते! पण ताई हटत नाहीत. राउटर कुठे, टेबल कुठे, मध्ये भिंती किती, विटांच्या की लाकडी. सगळं कागदावर उतरेपर्यंत त्यांचा हात स्क्रू ड्रायव्हरला लागत नाही.

वय छप्पन्न, डोळ्याला चष्मा नाही, आणि त्याचा तोरा भारी. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून ही पोर सातव्या वर्षी केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायला शिकली. पुढे घड्याळं दुरुस्त करून घेणारं कुणी उरलं नाही. दुकानात माशा मारायची वेळ आली, तेव्हा भाऊ म्हणाला, "विकून टाकू." ताई म्हणाल्या, "पाटी बदलू." पाटी बदलली, चिमटा तोच राहिला. कामात नसला की तो अंबाड्यात खोचलेला असतो. लोकांनी नाव पाडलं ते त्यावरून.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला एक बहीण-भाऊ आले. बहिणीच्या हातात नवा कोरा लॅपटॉप, भावाच्या हातात एक डबी. डबीत टपाल तिकिटाएवढं वायरलेस कार्ड.

"हे बसवून द्या फक्त," भाऊ म्हणाला. "बाकी अभ्यास मी केलाय. आठ दिवस वाचतोय."

"घरात बसता कुठे?"

"अहो, चार वाजता हिची परीक्षा आहे! नकाशे कसले काढताय?"

"दादा, गप रे जरा," बहीण म्हणाली, आणि भराभर रेघा ओढायला लागली. ओढता ओढताच सांगितलं. ती खुणांच्या भाषेची दुभाषी. आई जन्मापासून ऐकू न येणारी, त्यामुळे खुणा तिच्याकडे बोलण्याच्याही आधी आल्या. आता एका इस्पितळाला घरबसल्या व्हिडिओवरून काम करणारी दुभाषी हवी होती. ऐकू न येणारा पेशंट समोर बसणार, डॉक्टर बोलणार, आणि ही पडद्यावरून हातांनी सांगणार. आज चार वाजता त्याची परीक्षा.

"आणि लॅपटॉप मध्येच अडकतो," ती म्हणाली. "माझा हात हवेत तसाच गोठलेला दिसतो. अर्धी खूण म्हणजे काहीच नाही, ताई. कधीकधी तर भलतंच. दोनदा गोठला तर बाद, असं स्पष्ट लिहिलंय त्यांनी."

चिमटाताईंनी कागद फिरवून बघितला. "मध्ये एकच भिंत. राउटर किती वर्षांचा?"

"पाच."

"बरं." मग त्यांनी भावाची डबी उघडली. भिंग खाली ओढलं. "छान आहे. महाग आहे. परत करून टाका."

"का? सगळ्यात जास्त वेग आहे त्याचा!"

"असेल. पण हे अर्धं कार्ड आहे. ह्या जातीच्या कार्डावर नुसता बोलणारा भाग असतो, डोकं प्रोसेसरमध्ये असावं लागतं. तुमचा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा, त्यात ते डोकं नाहीच."

"पण खाचेत बसतं! मी मापं बघितलीत!"

"बसेल की. स्क्रूही लागेल. आणि मग ढिम्म बसून राहील, लग्नात रुसलेल्या काकांसारखं."

बहीण हसली. भावाने हसायचं नाही असं ठरवून ठेवलं होतं, पण ओठ हलला.

ताईंनी लॅपटॉप पालथा घातला, तळाची झाकणपट्टी काढली, सगळ्यात आधी बॅटरीचा प्लग सुटा केला. "काही लॅपटॉपांत कार्ड बोर्डालाच डकवलेलं असतं, मग माझेही हात टेकतात. तुमचं सुटं आहे. आणि ही गंमत बघा." कार्डाला एकच काळी वायर लावलेली होती. दुसरी, पांढरी, टोकाला टोपी घालून कोपऱ्यात नुसती पडून होती. "लॅपटॉपला अँटेना दोन, कार्ड मात्र एका अँटेनाचं. वर ते वायफायच्या लहरींच्या एकाच पट्ट्यावर चालतं, आणि तिथे सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी."

खणातून त्यांनी दोन कार्डं काढली. एक अगदी नवं, तीन पट्ट्यांवर चालणारं. एक मधलं, दोन पट्ट्यांचं.

"नवंच द्या," भाऊ म्हणाला.

"तिसरा पट्टा तुमच्या पाच वर्षांच्या राउटरकडे नाही. कार्ड एकटंच हाका मारत बसेल. दुसरा पट्टा मोकळा असतो, आणि एका भिंतीतून व्यवस्थित पोचतो. तीन भिंती असत्या तर मी वेगळं बोलले असते." मधलं कार्ड चिमट्यात आलं. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, त्यांनी आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवला होता. जुनं कार्ड काढल्यावर नेट कुठून आणणार? मग काळी वायर, पांढरी वायर. दोन्हींच्या टोकाला मोहरीएवढं टिचबटण. नखाने टक्, टक्.

दुकानामागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या आड बहिणीला बसवून वीस मिनिटं व्हिडिओ चालवला. एकदाही अडकला नाही.

"जा. बिनधास्त परीक्षा द्या."

अडीचला फोन वाजला. भाऊच. "ताई, गोठला! दहा मिनिटांत तीनदा! मी म्हटलं होतं..."

"तुम्ही काय म्हटलं होतं ते नंतर सांगा. पत्ता सांगा आधी."

दुकानाला कुलूप घालून चिमटाताई निघाल्या. एरवी घरी जाऊन काम करत नाहीत त्या. पण 'बिनधास्त' हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारला होता.

दारात आई उभी होती. तिने ताईंच्या अंबाड्याकडे बघून दोन बोटांचा चिमटा केला.

"आई विचारते, चिमटेवाली ती हीच का," भावाने सांगितलं.

"हीच म्हणावं."

खोली नकाशाबरहुकूम होती. टेबल, खुर्ची, पाठीमागे कोरी निळी भिंत. आणि नकाशात नसलेली एक गोष्ट. लॅपटॉपच्या पडद्यामागे, त्याला टेकवून, हातभर रुंद पुठ्ठा उभा होता. त्यावर स्वयंपाकघरातला चमचमता अ‍ॅल्युमिनियमचा कागद.

"हे काय?"

"उजेडासाठी," बहीण म्हणाली. "खिडकीचा उजेड त्यावरून परत हातांवर येतो. बोटं अंधारात असली तर खूण वाचता येत नाही. आम्ही सगळेच असं काहीतरी करतो."

ताई जागच्या जागी थांबल्या. "अँटेना कुठे असते माहितेय? पडद्याच्या वरच्या कडेत. आणि राउटर ह्या भिंतीपलीकडे. तुम्ही मधोमध, अँटेनाला खेटूनच, धातूचा पडदा लावलाय. चूक माझी. तुम्ही कुठे बसता ते विचारलं, पुढ्यात काय मांडता ते नाही विचारलं."

पुठ्ठा काढला. आई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, मायलेकींचं बोलणं पडद्यावर सुरू झालं. दहा मिनिटं हात झरझर चालत राहिले. फक्त अंधारात.

मग आईच बाहेर आली. कपाटातून पांढरी चादर काढली, चार पदरी घडी केली आणि दोन खुर्च्यांच्या पाठींवर टाकून लॅपटॉपमागे उभी केली.

"कापड चालेल?" बहिणीने विचारलं.

"पळेल! कापडाला लहरी जुमानतच नाहीत."

हातांवर उजेड आला. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "म्हणजे पुठ्ठा काढला असता की भागलं असतं. कार्ड उगाचच बदललं."

ताईंनी घड्याळ बघितलं. सव्वातीन.

"जुनं कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. परत लावून बघते. मला सात मिनिटं लागतात."

"आत्ता?" भाऊ ओरडला. "पाऊण तास राहिलाय!"

ताई बहिणीकडे बघत राहिल्या. परीक्षा तिची होती.

"लावा," ती म्हणाली. "कशाच्या भरवशावर बसायचं ते मलाही कळू दे."

जुनं कार्ड बसलं. आई पुन्हा स्वयंपाकघरात. तिसऱ्याच मिनिटाला बहिणीचा हात आईच्या फोनवर छातीपाशी गोठला. सुटला. पुन्हा गोठला. आई दारात येऊन उभी राहिली आणि तिने मुलाकडे बघून एकच खूण केली. हात झटकल्यासारखी.

"काय म्हणाल्या?"

भावाने मान खाली घातली. "म्हणाली, ह्याचं ऐकू नका."

मधलं कार्ड परत बसलं. काळी, पांढरी, टक्, टक्. ताईंची बोटं आठ मिनिटांनी थांबली. एक मिनिट जास्त लागलं, तेही त्यांनी स्वतःहून कबूल केलं.

चार वाजता दार लोटलं गेलं. फटीतून तिघं बघत होती. पडद्यावर दोन बायका. एक डॉक्टरांचं बोलणं वाचून दाखवत होती, दुसरी, खुद्द ऐकू न येणारी, बहिणीचे हात वाचत होती. ताईंना खुणांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या फक्त ओघ बघत होत्या, वडिलांनी लंबकाकडे बघायला शिकवलं होतं तसा. हात वर, खाली, वळला, उघडला. कुठेही खंड नाही.

चाळीस मिनिटांनी पडद्यावरच्या दुसऱ्या बाईने हात उचलले. आतून बहीण अजून काहीच बोलली नव्हती. पण आईने फटीतून ते हात आधीच वाचले होते. तिने मुलाचा दंड घट्ट धरला.

"काय? काय म्हणतात?" ताईंनी दबक्या आवाजात विचारलं.

भाऊ ताईंच्या कानाशी वाकला. "सोमवारपासून. सकाळची पाळी."