थांबाताईची खूण

थांबाताईला हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ते चुकीचं आहे असं तिची आईसुद्धा म्हणाली नसती. लहानपणी रस्ता ओलांडताना ती धाकट्या भावाचं मनगट इतकं घट्ट धरायची, की घरी पोचेपर्यंत त्यावर तिच्या बोटांचे वळ उठलेले असायचे. दूध उतू जाणार, दार उघडं राहिलं असणार, जिन्यातला दिवा गेलाय म्हणजे कुणीतरी घसरून पडणारच. भीती तिच्या हाडात मुरलेली. भाऊ म्हणायचा, आमची ताई झोपताना एक डोळा पहाऱ्यावर ठेवते, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

अशा बाईला नोकरी मिळाली ती रंगाचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात, तीही प्रेसवर. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात बाहेर काढायचा आणि वरून लोखंडी ठोकळा धाडकन खाली यायचा. दिवसभर हेच. ठेवताना भीती, काढताना भीती. इतर बाया आठवडाभरात सरावल्या, ही सरावली नाही. मात्र तिच्या प्रेसवर कधी कुणाला साधं खरचटलंही नाही, त्यामुळे मुकादमही तिच्या वाटेला जात नसे.

शेडमध्ये आवाज असा की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी तिला नुसते ओठ हललेले दिसायचे. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलायचे. अंगठा तोंडाशी नेला की पाणी प्यायला जाते, नाकाला बोट लावलं की मुकादम येतोय. पण दोन खुणा अशा होत्या की त्यांची चेष्टा कुणी करत नसे. दोन्ही हातांची डोक्यावर फुली केली की प्रेस थांबवा, कुणीतरी अडकलंय. आणि थांबलेली प्रेस पुन्हा सुरू करण्याआधी तिथल्या प्रत्येकाने दोन्ही तळवे वर करून दाखवायचे. सगळे हात बाहेर दिसल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. पलीकडच्या प्रेसवर एकदा एकाने न बघता बटण दाबलं होतं. थांबाताई त्याबद्दल घरी एक अक्षर बोलली नाही. पण त्यानंतर कुणी कात्री हातात घेतली तरी ती खोलीबाहेर जायची.

धाकटा ड्रम शिकला तो याच कारखान्याच्या जिवावर. चेपलेले, नापास डबे ती पिशवीत घालून आणायची आणि तो ते गच्चीवर उलटे मांडून बडवत बसायचा. खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकायचे, तर हा त्या ठोक्यांचाही ताल धरायचा. पुढे त्याला स्कूटर दुरुस्त करणारा एक मित्र भेटला, जो घशात काटा अडकल्यासारखा गायचा. मग शाळेच्या प्रयोगशाळेतला मदतनीस गिटार घेऊन आला, आणि बेस गिटार वाजवायला त्याची बायको. झाला पंक बँड. नाव ठेवलं 'पत्रा'. दोन मिनिटांचं गाणं, तीन सूर, आणि घरमालक, साहेब, बसची रांग, सगळ्यांवरचा राग एका दमात. जिन्यावरून भांडी गडगडल्यासारखं वाजतं, असं कुणीतरी छापून आणलं, तेव्हा त्यांनी तेच वाक्य आपल्या पोस्टरवर घेतलं.

ते कधी फार मोठे झाले नाहीत आणि कधी बंदही पडले नाहीत. अशी तीस वर्षं गेली. जे ओठावर मिसरूड नसताना ऐकायला आले होते, ते आता गुडघ्याला पट्टा बांधून यायचे. एक टेलरकाका होते, पांढऱ्या केसांची शेंडी हिरव्या रंगात रंगवणारे. त्यांनी मुलीच्या लग्नाची तारीख कार्यक्रम बघून ठरवली होती. गाणं सुरू झालं की ही सगळी मंडळी एकमेकांना खांद्याने ढकलत गोल गोल फिरायची. बाहेरच्याला मारामारी वाटावी, आणि मारामारीत दिसत नाही इतका आनंद प्रत्येकाच्या चेहऱ्यावर.

अगदी सुरुवातीच्या एका कार्यक्रमात त्या गर्दीत एक पोरगा खाली गेला. वर गाणं चालूच, आणि त्याच्या छातीवर पाय. बाहेर काढला तेव्हा त्याच्या दोन फासळ्या मोडल्या होत्या. थांबाताई आठवडाभर जेवली नाही. मग तिने भावाला समोर बसवून कारखान्यातली खूण शिकवली. कुणी पडलं की जवळच्याने डोक्यावर हातांची फुली करायची. ती दिसली की ड्रम तिथल्या तिथे बंद, आणि ड्रम बंद म्हणजे सगळंच बंद. उचला, उभं करा, पुढे चला. दुसरी खूण तिने तेव्हा शिकवली नाही. तिची तिथे गरज पडेल असं तिला वाटलंच नाही. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला ती डाव्या स्पीकरशेजारी एका पालथ्या खोक्यावर उभी राहायची, कानात कापूस आणि नजर गर्दीवर. गाण्यांचे शब्द तिला आजही येत नाहीत. लोक येताजाता तिच्या खोक्याला हात लावून जायचे, शुभ असल्यासारखा. नाव बहुधा तेव्हाच पडलं असावं.

आता तिची लेकही त्या गर्दीत असायची. लेक कपड्यांवर छपाई करायची. तिच्या तळव्यांच्या रेघांत लाल शाई कायमची बसलेली. आईने एकदा सांगून पाहिलं, की भिंतीशी उभी राहून ऐक, तिथूनही तेच ऐकू येतं.

"मामाचा बँड भिंतीला टेकून ऐकू? त्यापेक्षा घरी मिक्सर लावून बसते," लेक म्हणाली. मग आईचा चेहरा बघून जरा नरमली. "पडलेल्याला उचलतात गं आई. न उचलणारा माणूस मी तिथे अजून पाहिला नाही."

"पडलेला दिसला तर," थांबाताई म्हणाली.

तिसाव्या वर्षाच्या मोठ्या कार्यक्रमासाठी लेकीने शर्ट छापले. काळ्या कापडावर लाल रंगात दोन हातांची फुली. पहिला शर्ट तिने आईच्या मांडीवर आणून ठेवला. तुझीच खूण आहे, म्हणाली, सगळ्यांना कळायला नको का ती कुणाची ते? थांबाताईने छान झालाय म्हणून सांगितलं. त्या फुलीवरून बोट फिरवताना मात्र काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं, आणि काय ते तिला नीट सांगताही येईना.

ते मोठ्या कार्यक्रमाआधीच्या एका छोट्या कार्यक्रमात उमगलं. नवी पोरं शर्ट घालून आली होती आणि पहिल्याच गाण्याला त्यांनी हातांची फुली करून उड्या मारायला सुरुवात केली. त्यांना तो बँडचा सलाम वाटला होता. धाकट्याने ड्रम थांबवला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कुणी पडलेलं नव्हतं. हशा पिकला. दुसऱ्या गाण्याला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी धाकटा थांबला नाही. खोक्यावरून थांबाताई कुणी खरंच पडलं नाही ना, ते पुन्हा पुन्हा बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती तालमीच्या खोलीत गेली.

"ती खूण मेली आता," तिने भावाला सांगितलं.

"ताई, लोक प्रेमाने करतात. तीस वर्षांत आमची पहिल्यांदा कशाची तरी फॅशन झालीय, तर तू तिलाही ब्रेक लाव."

"उद्या कुणी खरंच पडलं तर तुला कळणार कसं?"

"तू आहेस ना? आख्ख्या हॉलच्या वाटणीचं तू एकटी घाबरतेस." तो हसला आणि काठ्या फिरवू लागला. स्कूटर मेकॅनिकही हसला. फक्त बेसवाली हसली नाही. घरी लेकीला हे सांगायचं थांबाताईच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण शर्टांच्या घड्या घालताना लेक गुणगुणत होती, आणि आईच्याने बोलवेना.

मोठा कार्यक्रम एका जुन्या गोदामात झाला. थांबाताई दुपारीच तिथे गेली आणि प्रत्येक दाराची कडी उघडून बघितली. एक दार गंजून बसलं होतं, ते तिने रखवालदाराच्या मागे लागून उघडायला लावलं. संध्याकाळी लोक आत यायला लागले ते थांबेचनात. काळे शर्ट, लाल फुल्या. टेलरकाका आले, खोक्याला हात लावून म्हणाले, "आज हसा की जरा, वहिनी." ती हसली. लेक आली, गाल पुढे करून गेली, आणि त्या काळ्यात काळी होऊन दिसेनाशी झाली.

पहिला ठोका पडला आणि सगळे हात वर गेले. जिकडे बघावं तिकडे फुल्या. कारखान्यात एक फुली दिसली तरी काळजाचं पाणी व्हायचं. इथे सगळं गोदाम ओरडत होतं की कुणीतरी अडकलंय, आणि सगळे हसत होते. ती फुलीमागून फुली बघत राहिली. ही उडतेय, ही उडतेय, हीही उडतेय. डोळे चुरचुरायला लागले तरी पापणी मिटायची भीती वाटत होती.

आणि मग तिला एक फुली दिसली, जी उडत नव्हती.

खरी खूण करणारा माणूस नाचत नाही. तो पाय रोवून उभा राहतो, कारण त्याच्या पायाशी कुणीतरी असतं. त्या फुलीभोवती सगळं वरखाली होत होतं आणि ती एकटी जागच्या जागी होती. मधूनच तिला धक्का बसून ती कलायची आणि पुन्हा सरळ व्हायची. खालचा चेहरा दिसत नव्हता. तळवे लाल होते.

थांबाताई ओरडली. स्वतःचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही. तिने भावाकडे बघून डोक्यावर फुली केली. ताईनेही शेवटी सलाम केला असं समजून त्याने खूश होऊन मान डोलावली आणि वेग वाढवला. क्षणभर तिला वाटलं की मुख्य बटण बंद करावं. पण दिवे गेले असते, आणि अंधारात इतके पाय कुठे पडले असते? पुन्हा बघितलं तर लाल तळवे खाली गेले होते.

तीस वर्षांत ती कधी स्टेजवर चढली नव्हती. गुडघे टेकून चढली, वायरींतून अडखळत ड्रमपर्यंत गेली, आणि जे न करण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं ते तिने केलं. काठी खाली येत असताना तिने आपला हात मध्ये घातला.

काठी बोटांवर बसली. धाकट्याला ती हाडावर बसल्याचं हातातच कळलं आणि तो गोठला. ड्रम बंद झाला, मग बेस, मग गिटार, आणि मेकॅनिकचा शब्द अर्ध्यात तुटला. थांबाताईने मोडक्या बोटांनी गर्दीकडे दाखवलं.

शांततेत लोक मागे सरले. खाली लेक होती, हातापायांवर ओणवी, एखाद्या टेबलासारखी, पाठीवर बुटांचे ठसे. तिच्याखाली टेलरकाका, तोंड निळसर, हिरवी शेंडी फरशीला चिकटलेली. दोघातिघांनी त्यांना उचलून बसवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांच्या छातीतून किल्ली फिरत नसलेल्या कुलपासारखा आवाज आला, आणि त्यांनी श्वास घेतला. कुणीतरी लेकीलाही हाताला धरून उठवत होतं, पण मध्ये माणसं आली आणि थांबाताईला ती दिसेनाशी झाली.

काकांना दाराकडे नेलं. जाता जाता त्यांनी हात हलवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही जणांनी सवयीने फुली केली आणि लगेच हात खाली घेतले. मेकॅनिकने घसा साफ केला. धाकट्याने काठ्या उचलल्या; सुरू केलं म्हणजे लोक सावरतील असं त्याला वाटलं असावं.

"नाही," थांबाताई म्हणाली. "आधी हात बघू दे."

कुणाला कळलं नाही. तिने माइक ओढून घेतला; त्यात तिचा श्वासच आधी ऐकू आला. "दोन्ही हात वर करा. तळवे माझ्याकडे. सगळ्यांनी. सगळे दिसल्याशिवाय हा वाजवणार नाही."

तळवे वर झाले. मागच्या भिंतीपर्यंत, फिकट, निबर, घामेजलेले, अंगठ्या घातलेले, पट्ट्या बांधलेले. स्टेजवरच्या चौघांनीही वर केले. कुणी हसलं नाही. थांबाताई एका टोकापासून बघत निघाली. लाल तळवे दिसेनात. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"ताई," मागून धाकटा हळूच म्हणाला, "तुझे?"

तिने आपले हात वर केले, सुजत चाललेला आणि चांगला, आणि लाल तळव्यांची वाट बघत राहिली.