पहिला वर येईल त्याचा गिला वडा

घरातला माणूस गेला की भेटायला येणारे लोक जाताना एकेक किस्सा ठेवून जातात. माझा दादा गेला तेव्हा तेरवीपर्यंत आमचं बडनेऱ्याचं घर अशा किश्श्यांनी भरून गेलं. लोक हसायचे. मीही हसायचो, मग न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारायचो.

सगळे किस्से एकाच टोळीचे. दादा, नितीनभाऊ आणि डॉक्टर. दादा मालवणात स्कूबा शिकून डाइव्हमास्टर झालेला. अकोल्याचे नितीनभाऊ त्याहून वरचे, इन्स्ट्रक्टर. डॉक्टर दातांचे, पण खिशात डाइव्हमास्टरचं कार्ड दादासारखंच. समुद्र आमच्यापासून कुठच्या कुठे! म्हणून तिघं रविवारी अमरावतीबाहेरच्या एका बंद गिट्टीखदानीत उतरायचे. खदानीत वर्षानुवर्षांचं पाणी साचलेलं, वरून हिरवं, खाली काळं.

मी आठवीत शाळा सोडली. गॅरेज चालवतो. त्यांच्या पाठीवरच्या टाक्यांमध्ये हवा भरायचं मशीन माझ्याकडेच. मला पोहता येतं, पण त्या खदानीच्या काठावर उभं राहिलं की मी दोन पावलं मागे सरायचो. आजही सरतो.

*

टोळीचा एक नियम होता. पाण्याखाली अंगठा आणि बोट जुळवून गोल केला की ‘ओके, मी ठीक आहे’. तळहात हलवला की ‘गडबड आहे’. जो गडबड दाखवेल किंवा पहिला वर येईल, त्यानं सगळ्यांना गिला वडा, आमच्याकडचा दह्यात बुडवलेला, खाऊ घालायचा! प्रश्न वड्याचा नव्हता, इज्जतीचा होता.

एकदा डॉक्टर वर आले तर मास्कमध्ये रक्त. सर्दी होती, त्यात खाली पाण्याच्या दाबानं कपाळ फुटायला आलं होतं, तरी विचारलं की ओके, विचारलं की ओके. मी काठावरून ओरडलो, “डॉक्टर, रक्त!”

“बोंबलतो कायले बे? दातांचा डॉक्टर हाय मी. रक्त रोजच पायतो!”

वडे दादानं खाऊ घातले. पहिला तो वर आला होता, डॉक्टर सगळ्यांत शेवटी!

*

नितीनभाऊ अकोल्यात एका स्विमिंग टँकवर कॉलेजच्या पोरांना शिकवायचे. शिकवायचे एकदम झकास. “उतरायच्या आधी जोडीदाराचं सामान तपासा. पट्टे पाहा, वजनाचा बेल्ट पाहा, आणि टाकीचा नळ हात लावून पाहा. नळ एकदा उघडून बंद केला, तरी नळीत अडकलेल्या हवेनं काटा टाकी भरलेलीच दाखवते. दोन-चार श्वास भेटतात. मंग काहीच नाई.”

एवढं सांगून त्यांनी ऐटीत उडी मारली आणि तेलातल्या पुरीसारखे वर तरंगू लागले. वजनाचा बेल्ट काठावरच!

पोरं खो-खो हसली. नितीनभाऊ म्हणाले, “हसता काय? मुद्दाम केलं! चूक कशी दिसते ते दाखवून राहिलो!”

दादा सोबत होता. परत येताना त्यानं विचारलं, “खरंच मुद्दाम?”

“अबे, चेक शिकणाऱ्यायसाठी असते. आपल्याले कायले?”

*

दादाच्या मनगटावर पाण्यातला कॉम्प्युटर असायचा. माणूस घाईनं वर येऊ लागला की तो ओरडतो, कारण तसं आलं की अंगात हवेचे बुडबुडे होतात आणि सांधे धरतात. एका रविवारी तो सारखा ओरडला आणि संध्याकाळी दादाचा कोपर ठणकू लागला. आई बाम चोळत होती.

“दादा, दवाखान्यात चाल,” मी म्हणालो.

“काल क्रिकेट खेळलो ना, म्हणून दुखते.”

आई म्हणाली, “बॅट तं माळ्यावर हाय रे तुई, शाळेपासून!”

“मंग ते मशीन काहून ओरडत होतं?” मी विचारलं.

“ते नवशिक्यायचं मशीन हाय. मले ओळखत नाई.”

*

वर आल्यावर तिघं एकमेकांना हवेचे काटे दाखवायचे. ज्याची हवा जास्त उरली तो राजा. शेवटच्या रविवारी निघताना दादाच्या टाकीत अर्धीच हवा होती. मी म्हणालो, “थांब, भरून देतो.”

“अर्धी पुरे. मी श्वास कमी घेतो!” दादा म्हणाला आणि गाडीचं दार लावलं.

नितीनभाऊंच्या कपाळावर कॅमेरा होता. ती क्लिप मी एकदाच पाहिली. खदानीच्या तळाशी जुनं पत्र्याचं शेड. दादा आत शिरला आणि गाळ उठला. नितीनभाऊंनी गोल दाखवला. दादानं गोल दाखवला. पुन्हा विचारलं. दादानं जरा उशिरानं दाखवला, पण गोलच. मग नुसता गाळ.

मी नितीनभाऊंना विचारलं, “हवा किती उरली ते काहून नाई विचारलं?”

“इन्सल्ट वाटला असता त्याले.”

*

तेरवी झाली आणि पुढच्याच रविवारी नितीनभाऊ गाडी घेऊन दारात. “दादाचा मास्क खालीच राहिला. काकूले आणून देतो.” डॉक्टर आले नाहीत. त्यांनी फोनही उचलला नाही.

मीही गाडीत बसलो. खदानीवर रडकुंडीला आलो. माझ्या डोळ्यांसमोर नितीनभाऊंच्या घरच्या दोन लहान पोरी येत होत्या. “भाऊ, नाई पाहिजे मास्क! आईले तुमी जिते पाहिजे.”

“पाच मिनिटांचं काम हाय बे.”

“एकटे नका जाऊ. नाई तं चेक तरी करा!”

“कोणाचा? माया?” ते हसले. “तूच कर मंग. शीक.” त्यांनी नळी तोंडात धरली आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले.

मी बुटांसकट पाण्यात शिरलो. पट्टे ठीक. बेल्ट ठीक. काटा पाहिला, टाकी भरलेली. मग मागून हात घालून नळ उघडायच्या बाजूला फिरवला. उघडा नळ पुढे फिरत नाही. हा फिरतच गेला, पार उघडेपर्यंत.

“भाऊ, बंद होता! नळ बंद होता!”

नितीनभाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग हात वर केला, अंगठा आणि बोट जुळवून मला गोल दाखवला, आणि खाली गेले.