शिरस्तेदारांच्या सुनेची दाढ

“दाढ काढून टाका,” नानासाहेब म्हणाले.

दाढ त्यांची नव्हती, त्यांच्या सुनेची होती. ती माझ्यासमोर खुर्चीत पदराने गाल दाबून बसली होती. असेल सतरा-अठरा वर्षांची.

मी तेव्हा ठाण्याच्या एका दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होतो. म्हणजे जखमा धुण्यापासून हाडं बसवण्यापर्यंत सगळं आम्ही करायचं आणि वर सिव्हिल सर्जन साहेबांचा शब्द. नानासाहेब राहायचे कल्याणला आणि ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते, म्हणजे कारकुनांचे मुख्य. माणूस शिकलेला. वाचनालयात स्त्रीशिक्षणावर त्यांचं व्याख्यान झालं होतं, ते मीही ऐकलं होतं.

“किती दिवस दुखतेय?” मी सुनेला विचारलं.

“महिना झाला असेल,” सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या. “रात्री कण्हत बसते. आमची सगळ्यांची झोपमोड.”

“गार पाणी लागलं की कळ येते का?”

“येते,” नानासाहेब म्हणाले.

“तोंड तरी तिलाच उघडू द्या,” मी म्हटलं.

दाढ खालची होती. वरून कीड लागून खड्डा पडला होता, बाकी दाढ भक्कम. दाताच्या पोटात एक पोकळी असते आणि तिथून मुळाच्या टोकापर्यंत बारीक नळ्या जातात. त्यांत जीव असतो. आम्ही त्याला नर्व्ह म्हणायचो. कीड तिथवर पोचली की माणूस भिंतीवर डोकं आपटतो. दाढ उपटली की दुखणं जातं हे खरं, पण दाढही जाते. मुंबईत मी एका युरोपियन डेंटिस्टच्या हाताखाली काही महिने काम केलं होतं. तिथे दुसरा मार्ग शिकलो होतो. आधी औषधाने नर्व्ह मारायची, मग ती ओढून काढायची, नळ्या साफ करायच्या आणि भरून टाकायच्या. रूट कॅनालचं काम ते हेच.

मी साहेबांची परवानगी मागायला गेलो.

“कशाला उद्योग?” साहेब म्हणाले. “तुमचे लोक दुखायचं थांबलं की परत येत नाहीत. उपटून टाक.”

“येतील, सर. शिकलेलं घर आहे.”

साहेब हसले आणि ‘कर’ म्हणाले. ते हसणं मला झोंबलं.

नर्व्ह मारायचं औषध म्हणजे सोमल. इंग्रजीत आर्सेनिक. मोहरीच्या दाण्याहून कमी घ्यायचं, खड्ड्याच्या तळाशी ठेवायचं आणि वरून मेणाने बंद करायचं. दोन दिवसांत नर्व्ह मरते, तेव्हा ते काढावंच लागतं. राहिलं आणि झिरपलं, तर आधी हिरडी जाळतं, मग जबड्याचं हाड कुजवतं. हे मी नानासाहेबांना समजावलं, फक्त सोमलाचं नाव घेतलं नाही. ते नाव ऐकून लोक बिचकतात.

“परवा नक्की आणा. दुखायचं थांबेल, तरी आणा.”

“अहो, म्हणजे काय,” नानासाहेब म्हणाले.

परवा कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. साहेब माझ्या टेबलाजवळून जाताना थांबले. “तुझं शिकलेलं घर कुठे आहे?” त्यांनी विचारलं. साहेबांचा राग आला होताच, पण ते खरे ठरले याचा जास्त आला. मी रजा टाकली आणि कल्याणची गाडी धरली.

नानासाहेब झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते.

“या, या. बरी आहे हो ती. तुमच्या हाताला गुण आहे. चहा घेणार?”

“तिला आणलं नाहीत.”

“दुखतच नाही आता.”

“दुखत नाही म्हणूनच आणायचं होतं. औषध आत आहे. हाड कुजेल. मग दाढच काय, जबडा धड राहायचा नाही.”

“पितृपक्ष संपला की पाठवतो.”

“आज न्यायला हवं.”

“आज? डॉक्टर, उद्या आमच्याकडे श्राद्ध आहे. पंधरा-वीस पानं. स्वयंपाक कोण करणार?”

मागच्या खोलीत पाटा-वरवंट्यावर डाळ वाटल्याचा आवाज चालू होता. वाटत कोण होतं ते विचारायला नको होतं. माझं डोकं फिरलं. या माणसाला जबडा म्हणजे काय ते कळत होतं, कुजणं म्हणजे काय ते कळत होतं. कळून त्याने वड्यांची डाळ निवडली होती.

“नानासाहेब,” मी म्हटलं, “तिच्या दाढेत सोमल आहे. आर्सेनिक.”

झोपाळा थांबला. कोर्टात त्यांनी विषप्रयोगाचे खटले पाहिले होते. त्यांचा हात पोटावर गेला.

“आम्ही तीन दिवस तिच्या हातचं जेवतोय,” ते म्हणाले.

मला वाटलं होतं, ते विचारतील, मुलीला काही होणार नाही ना? तोंडातून पहिला शब्द हा निघाला. सासूबाई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. त्या तिथेच खाली बसल्या आणि मळमळतंय म्हणाल्या. मी परोपरीने सांगितलं की औषध कणभर आहे, मेणाखाली बंद आहे, दाढेतून पातेल्यात उडी मारत नाही. कुणी ऐकेना. पाटा-वरवंटा बंद झाला. वाटलेली डाळ परसात गेली. मिळाली त्या गाडीने सगळे ठाण्याला आले.

नशीब चांगलं. हिरडीची कड पांढरी पडली होती, पण हाड शाबूत होतं. मी मेण काढलं, सोमल काढला, पोकळी धुतली. मग ब्रोच घेतला. ब्रोच म्हणजे काट्यांची बारीक सुई. आमची घड्याळाच्या स्प्रिंगेतून घासून केलेली होती. मेलेली नर्व्ह दोऱ्यासारखी बाहेर आली. त्या पोरीला काही कळलंही नाही.

“झालं ना?” सासूबाईंनी विचारलं.

“सोमल निघाला. आता आतून साफ करायचं, मग भरायचं. अजून काही खेपा लागतील.”

“म्हणजे दाढ अजून उघडीच?”

“हो.”

“मग भरेपर्यंत हिने चुलीपाशी यायचं नाही.”

त्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकाला बाई ठेवली. म्हणजे बाई मिळत होती. महिनाभर ही पोर कळा सोसत दोन-दोन पंगती वाढत होती, तेव्हाही मिळत होती.

पुढची एकही खेप चुकली नाही. नळ्यांत मी क्रिओसोटचा बोळा ठेवायचो, त्याने आतली घाण जाते. त्याच्या वासाने सासूबाई व्हरांड्यात जाऊन बसायच्या. शेवटच्या खेपेला बोळा स्वच्छ निघाला. मी स्पिरिटचा दिवा लावला आणि गटापर्चा मऊ करायला घेतला. हा झाडाचा चीक. त्याने नळ्या बंद केल्या की काम संपलं.

“आज भरणार?” तिने विचारलं. माझ्याशी ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती.

“हो. सुटलीस.”

तिने दिव्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “डॉक्टर, लग्न झाल्यापासून मी दुपारची कधी पडले नव्हते. आता रोज झोपते. आजच भरायला हवी का?”

मी दिवा विझवला. लवंगेच्या तेलाचा बोळा आत ठेवला, वर मेण लावलं आणि व्हरांड्यात गेलो.

“मूळ वाकडं आहे,” मी सासूबाईंना सांगितलं. “वेळ लागेल.”

“आणि औषध?”

“आत आहे,” मी म्हटलं. तेलही औषधच.

साहेबांनी एकदा राउंडला तिला पाहिलं. “ही केस अजून चालू? येते तरी का वेळेवर?”

“एकदाही चुकली नाही, सर.”

दिवाळी आली. त्या घरच्या चकल्या, करंज्या, अनारसे सगळं त्या ठेवलेल्या बाईने केलं. भाऊबीज झाल्यावर मी दाढ भरली.

नवे डॉक्टर मला विचारतात, अशा दाढेला किती दिवस धरावेत? मी सांगतो, मूळ सरळ असलं तर आठवडाभर पुरे. पण पेशंट घरची लेक आहे की सून, ते आधी विचारून घ्यावं.