बाप्पाच्या चार दाढा

"हसा बघू."

नमस्कार-चमत्कार नंतर, आधी हे. आमचे डॉक्टर समोरच्याला हसायला सांगत, मान तिरकी करून त्याच्या ओठांखाली डोकावत आणि समाधान झालं की मगच "काय म्हणता?" असं विचारत. सुतकात कोणाला भेटायला गेले तरी त्यांना हे आवरत नसे. तुमच्याही ओळखीत एखादा शिंपी असेल, जो तुमच्याकडे न बघता तुमच्या कॉलरकडे बघतो. डॉक्टरांचं दातांच्या बाबतीत तसं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी लखनौला रेल्वेत होतो, ऑफिस हजरतगंजात आणि घर रेल्वे कॉलनीत. डॉक्टर आमच्याच कॉलनीत राहायचे आणि रेल्वेच्या दवाखान्यात दात बघायचे. मूळचे वर्ध्याचे. त्यांच्या लक्षात नावं राहत नसत, दात राहत. फोन करून ते मला विचारत, "खालची डावी आहे का घरी? आमच्या हिला जरा बोलायचंय." खालची डावी म्हणजे माझी बायको. तिची अक्कलदाढ त्यांनी काढली होती. एकदा अमीनाबादेत चादरी घेताना त्यांनी भर गर्दीत एका धिप्पाड माणसाला मिठी मारली. "अरे, तुम ऊपरवाले दाएँ हो ना!" तो माणूस तिकीट तपासनीस होता. त्यालाही डॉक्टरांचं नाव आठवेना, पण हात मात्र आपोआप गालावर गेला होता.

ज्ञान भरपूर, वेळ मात्र नेहमी चुकीची. आमच्याकडे जेवायला आले असताना बायकोनं पालकाची भाजी वाढली, तर म्हणाले, "वहिनी, गोगलगायीला हजारो दात असतात, ठाऊक आहे? जिभेवर, रांगेनं. पालक खाते ती त्यांनीच." त्या दिवशी पालक कोणीच खाल्ला नाही, डॉक्टर सोडून. शार्क माशाचे दात पडतात आणि जन्मभर नवे येत राहतात, हेही त्यांनी ताक पिता पिता सांगितलं. "आपल्याला देवानं दोनदाच दिले. तिसऱ्यांदा द्यायला आम्ही!" हा त्यांचा एकमेव विनोद होता आणि तो झाला की ते स्वतःच आधी हसत.

माझ्या मुलीचा पहिला दुधाचा दात पडला, तेव्हा बायको रीतीप्रमाणे उंदराचं बीळ शोधायला निघाली. दात उंदराला दिला की त्याच्यासारखे बळकट दात येतात म्हणतात. डॉक्टरांनी तिला अंगणातच अडवलं. "उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढतात. कुरतडून झिजवले नाहीत तर तोंडात मावणार नाहीत. तसले आले तर हिला रोज टेबलाचा एक पाय द्यावा लागेल."

मुलीनं भोकाड पसरलं. "मुझे चूहेवाले दाँत नहीं चाहिए!" आमच्या कॉलनीतली मुलं मराठी ऐकत आणि हिंदीत रडत. तिची समजूत घालायला डॉक्टर तिला गाय दाखवायला घेऊन गेले. गाईला वरचे पुढचे दात नसतातच, तरी तिचं काही अडत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. गाईनं तेवढ्यात मुलीची रिबीन खाल्ली, म्हणजे अडत नाही हे सिद्ध झालं.

असा माणूस. आमच्या मराठी मंडळात गणपती आणायचा मान कोणाला तरी मिळायचा. डॉक्टर दरवर्षी बैठकीत हात वर करायचे आणि अध्यक्ष कर्नलसाहेब म्हणायचे, "डॉक्टर, तुम्ही सतरंज्या बघा." कर्नलसाहेबांना भीती ही, की हे मूर्ती आणतील, पण वाटेत भेटेल त्याला हसायला लावतील आणि मुहूर्त टळेल. त्या वर्षी मात्र डॉक्टर निवृत्त होऊन वर्ध्याला परतणार होते. बैठकीत ते हात वर न करताच म्हणाले, "एकदा तरी बाप्पा मी आणतो हो." मला फार वाईट वाटलं. कर्नलसाहेबही विरघळले. मूर्ती शहराबाहेर चिनहटच्या एका म्हाताऱ्या कुंभाराकडून करून घ्यायची ठरली आणि नजर ठेवायला मला, म्हणजे चिटणीसाला, डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे बसवण्यात आलं.

हे कुंभारचाचा दिवाळीचे छोटे लक्ष्मी-गणेश करायचे. एवढी मोठी मूर्ती त्यांची पहिलीच.

"ज़रा हँसिए तो, चाचा," डॉक्टर म्हणाले.

चाचा हसले. तोंडात एकही दात नव्हता. डॉक्टरांना वाईट वाटलं, आणि त्यांना वाईट वाटलं की ते माहिती सांगत. "हाथी का जो बाहर दिखता है ना, वो तो सामने का दाँत है. चबाने की दाढ़ें अंदर रहती हैं. एक बार में चार. घिस गईं तो पीछे से नई सरकती आती हैं. ऐसा छह बार. छठी भी घिस गई, तो बस."

"बस मतलब?"

"चबा नहीं सकता. भूखा मर जाता है."

चाचांचे मातीतले हात थांबले. "या अल्लाह. इतना बड़ा जानवर, भूखा?" मग डॉक्टरांनी ओल्या मातीचा गोळा घेऊन हत्तीची दाढ करून दाखवली, वर कपडे घासायच्या फळीसारखे आडवे कंगोरे. मी घड्याळ बघत होतो.

पुढच्या खेपांना मूर्तीच्या तोंडावर ओलं फडकं असायचं. "मुँह-दिखाई आख़िरी दिन," चाचा म्हणायचे. सोंड डावीकडे आहे आणि एक सुळा मोडका आहे, एवढं मी फडक्याखाली चाचपून घेतलं आणि कर्नलसाहेबांना सगळं ठीक असल्याचं कळवलं.

हरतालिकेच्या दुपारी आम्ही टेंपो घेऊन गेलो. चाचांनी फडकं काढलं. बाप्पा खदाखदा हसत होते. सोंड बाजूला, तोंड उघडं, आणि आत बर्फीच्या तुकड्याएवढ्या चार दाढा, पांढऱ्याशुभ्र, चकचकीत.

"डॉक्टर साहब, लड्डू तो रोज़ चढ़ेंगे," चाचा म्हणाले. "चबाएँगे किससे? हमने चारों नई लगा दीं."

मी तिथल्या एका पालथ्या माठावर बसलो. डॉक्टरांनी खिशातली बॅटरी काढून बाप्पांच्या तोंडात डोकं घातलं होतं. "अहो, कंगोरे बघा! एकेक बरोबर आहे!" ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. पुढे काय होणार आहे, याची त्या माणसाला गंधवार्ता नव्हती.

मंडळाच्या हॉलमध्ये मूर्ती उतरवली आणि सगळे भोवती जमले.

"हे काय? जांभई देताहेत?" कर्नलसाहेब म्हणाले. बायकांमध्ये कोणीतरी दंतमंजनाचं नाव काढलं आणि पदर तोंडात कोंबून हसू दाबलं. उद्याच्या पूजेला आलेले गुरुजी पुढे झाले. "शास्त्रात एकदंत म्हटलंय. इथं सुळा धरून पाच होतात."

"दाढा कोण मोजतं, गुरुजी? तुम्हाला नाहीत का? हसा बघू," डॉक्टर म्हणाले. गुरुजींनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

कर्नलसाहेबांचा आवाज चढला. "डॉक्टर, तुम्ही आणलंत, तुम्हीच निस्तरा. हत्यारं आणा आणि या चारी दाढा काढा. नाहीतर ही मूर्ती परत जाईल आणि मी बाजारातून दुसरी आणवीन."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते घरी गेले आणि खरंच बॅग घेऊन आले. स्टुलावर चढले, चिमटा हातात घेतला, खालच्या उजव्या दाढेवर बोट ठेवलं. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग खाली उतरून त्यांनी चिमटा परत बॅगेत ठेवला.

"कर्नलसाहेब, निरोगी दाढ मी आजवर काढलेली नाही. लोक हट्ट करायचे, तरी नाही काढली. आता सुरुवात बाप्पापासून करू? मूर्ती परत पाठवा हवी तर. मी सतरंज्या बघतो."

आणि ते खरंच कोपऱ्यात जाऊन सतरंजी उलगडायला लागले. मला रडू आवरेना.

गुरुजींनी घसा खाकरला. "तसंही काढता येणार नाही. दाढ काढली की मूर्ती भंगली. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही."

"आणि दाढांसकट?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

गुरुजींनी मूर्तीभोवती एक चक्कर मारली, तोंडात वाकून बघितलं. "दाढांसकट अखंड आहे," ते म्हणाले.

कर्नलसाहेबांनी बाप्पांच्या तोंडावर झेंडूचा जाड हार बांधायचा हुकूम सोडला. तो हार मुलांनी पहिल्याच आरतीला खाली ओढला. मग "हँसनेवाले गणेश जी" बघायला बाहेरची माणसं यायला लागली. डॉक्टर दहाही दिवस मूर्तीशेजारी उभे होते आणि प्रसादाआधी प्रत्येकाला हत्तीच्या दाढांची माहिती ऐकावी लागत होती. चाचा स्वच्छ कुर्ता घालून आले आणि लाडू समोर ठेवलेत ना, एवढं बघून गेले.

त्यानंतर लवकरच डॉक्टर वर्ध्याला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. मला अजून आठवतात ते विसर्जनाच्या संध्याकाळचे, गोमतीत कमरेएवढ्या पाण्यात उभे. मूर्तीचं डोकं धरायचा मान कर्नलसाहेबांनी स्वतःहून त्यांना दिला होता. आम्ही सगळे "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून ओरडत होतो. डॉक्टर ओरडत नव्हते. पुढच्या वर्षी ते लखनौत नसणार होते. मूर्ती खाली जाऊ लागली, पाणी हनुवटीवरून उघड्या तोंडात शिरलं, दाढांवरून बुडबुडे वर आले. डॉक्टरांनी बाप्पाच्या गालावर हात ठेवला आणि घाबरलेल्या पेशंटशी बोलावं तसं अगदी हळू म्हणाले, "हं. आता चूळ भरा. झालं, झालं."